घरच्या माणसाने गाडी चालवली, तर त्याचा विमा कुठे? विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

माहितीसाठी प्रत : केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. विमा हा माझा विषय नाही. गेल्या दोन वर्षांत तो मला शिकावा लागला. शिकताना जे कळलं ते तुमच्यापर्यंत पोचावं, आणि माझ्यासारख्या घरांनाही वेळेत कळावं, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न पाठवता उघड लिहिते आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री पावणेबाराच्या सुमारास माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, उठून बसले. दम लागला होता, बनियन घामाने भिजली होती, डावा हात भरून आल्यासारखा वाटतो म्हणाले. रुग्णवाहिकेसाठी फोन लावला. जवळची गाडी एका बाळंतिणीला घेऊन नुकतीच निघाली होती, दुसरी यायला तास-सव्वा तास लागणार होता. त्यात कुणाचीच चूक नव्हती. अंगणात आमची गाडी उभी होती. ती माझ्या यजमानांच्या नावावर आहे, आणि ते नोकरीसाठी मुंबईत असतात. मला गाडी येत नाही. शेजारच्या घरात धाकट्या दिरांचा मुलगा झोपला होता. चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला, चार वर्षांपासून लायसन्स हातात असलेला. त्याला उठवलं.

चावी घेताना तो एक क्षण थांबला. "काकू, काकांची गाडी आहे. मी चालवली तर विम्याचं काही होणार नाही ना?"

मी म्हटलं, "फुल इन्शुरन्स आहे रे. घरातल्या कुणीही चालवली तरी चालते. चल लवकर."

हे उत्तर मी मनाने दिलं नव्हतं. दर वर्षी पॉलिसी रिन्यू करताना आमचे एजंट हेच सांगत आले होते. लायसन्स पाहिजे, बाकी कुणीही चालवा. ते खोटं बोलत नव्हते. पण ते अर्धंच बोलत होते, आणि उरलेलं अर्धं काय आहे हे कदाचित त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं.

अण्णा वेळेवर पोचले आणि वाचले. डॉक्टर म्हणाले, अजून पाऊण तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पहाटे चारच्या सुमारास कागदपत्रं आणि पैसे आणायला पुतण्या एकटाच घरी निघाला. वाटेत एका वळणावर रानडुकरांचा कळप रस्त्यावर आला. त्याने गाडी वळवली ती मोरीच्या कठड्यावर आदळली. दुसरी गाडी नाही, दारू नाही, वेगाचा आरोप नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात हे सगळं आहे. तिसऱ्या दिवशी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

गाडी दुरुस्त झाली. बंपर, रेडिएटर, पुढची काच, दोन्ही एअरबॅग मिळून एक लाख बेचाळीस हजारांचा क्लेम कंपनीने मंजूर केला, फारसा त्रास न देता. तिथे कुणीही विचारलं नाही की पुतण्याने का चालवली. परवानगीने चालवली होती, लायसन्स चालू होतं, विषय संपला.

पायासाठी शून्य.

कंपनीचं पत्र चार ओळींचं होतं. सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण हे फक्त मालक-चालकासाठी आहे, जखमी व्यक्ती विमाधारक नाही, म्हणून दावा देय नाही. मी ते पत्र शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून शब्दकोश घेऊन वाचलं. मग पॉलिसीचं पूर्ण पुस्तक मागवलं. मग वकिलांकडे गेले. आमचा स्वतःचा दावा आता योग्य त्या मंचापुढे चालू आहे, त्याचा निकाल तुम्ही लावावा असं मी मागत नाही. मी तुम्हाला लिहिते आहे ते नियमाबद्दल, कारण नियम तुमचा आहे.

आमच्या पॉलिसीत दोन वेगवेगळी कलमं आहेत आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत. चालकाच्या कलमात लिहिलं आहे की विमाधारकासह कोणीही व्यक्ती ही गाडी चालवू शकते, मात्र अपघाताच्या वेळी तिच्याकडे वैध लायसन्स हवं. शिकाऊ लायसन्सवालाही चालवू शकतो, नियम पाळून. देशातल्या बहुतेक सगळ्या खासगी गाड्यांच्या पॉलिसीत हेच शब्द आहेत. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते. तिकडे सर्वसाधारणपणे पॉलिसीत नाव नसेल तर सख्ख्या भावाचीही गाडी चालवता येत नाही, आणि गरज पडली तर मोबाइलवरून एका दिवसाचाही विमा काढतात. ती म्हणते, तिकडे हा प्रश्न लहान मुलांनाही माहीत असतो, कारण आधीच विचारावा लागतो. आपल्याकडे नियम उदार आहे. घरातल्या अडीअडचणीला कोण धावेल हे आपल्या घरांना आधी माहीत नसतं, तेव्हा तो उदारच हवा. पण त्या उदारपणामुळे कुणी काही विचारतच नाही, आणि दुसरं कलम कुणी उघडून बघत नाही.

त्या दुसऱ्या कलमात मालक-चालक कोण, याच्या तीन अटी आहेत. गाडी त्याच्या नावावर नोंदलेली हवी, पॉलिसी त्याच्या नावावर हवी, आणि त्याच्याकडे चालू लायसन्स हवं. तिन्ही असतील तरच तो मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास पूर्ण रकमेला, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास निम्म्या रकमेला पात्र. पूर्वी ही रक्कम मोटारीसाठी दोन लाख आणि दुचाकीसाठी एक लाख होती. मद्रास उच्च न्यायालयाने ती अपुरी असल्याचं दाखवून दिल्यावर तुम्ही सप्टेंबर २०१८ मध्ये ती पंधरा लाखांवर नेली आणि वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरवला. हा निर्णय चांगला होता, आणि आम्ही तो हप्ता दर वर्षी भरला. म्हणजे त्या पहाटे गाडीत माझे यजमान असते आणि हाच पाय त्यांचा गेला असता, तर साडेसात लाख मिळाले असते. गाडी तीच, रस्ता तोच, कारण तेच, हप्ता तोच. पाय पुतण्याचा होता म्हणून काही नाही.

मी हे वाचत गेले तसतशी एक गोष्ट मला जास्त छळू लागली. आम्ही वकिलांना विचारलं, वैयक्तिक अपघाताचं राहू दे, मोटार अपघाताची साधी नुकसानभरपाई तरी मागता येईल का? रस्त्यावरून जाणारा एखादा अनोळखी माणूस आमच्या गाडीखाली आला असता तर त्याला मिळाली असतीच. वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समजावून सांगितले, एक २००९ चा, एक जानेवारी २०२० चा. दोन्ही दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेतलेल्या आणि अपघातात गेलेल्या माणसांच्या घरच्यांचे. पहिल्यात मोटारसायकल बैलगाडीवर आदळली होती. न्यायालयाने सांगितलं की जो दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवतो तो मालकाच्या जागी येतो, त्यामुळे त्याच गाडीच्या विमा कंपनीकडे तो तिसरी व्यक्ती, म्हणजे विमाधारक आणि कंपनी सोडून बाहेरचा माणूस, म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई मागू शकत नाही. २०२० च्या निकालातही हेच तत्त्व ठेवलं, आणि वारसांना पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात संरक्षणाचे एक लाख रुपये, तेवढेच, दिले.

न्यायालयाचा मान ठेवूनच मी हे लिहिते आहे. माझा प्रश्न कंपन्यांना आणि तुम्हाला आहे. तिसऱ्या व्यक्तीची भरपाई नाकारायची असते तेव्हा पुतण्या मालकाच्या जागी असतो. मालकाचं संरक्षण द्यायची वेळ येते तेव्हा तो मालक नसतो. एकाच माणसाला एकाच अपघातात दोन्ही दारांवरून परत पाठवायचं, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं सांगायचं, हे मला पटत नाही. वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला म्हटलं असतं, बाळा, एक काहीतरी ठरव.

या एका गोष्टीभोवती आणखी बऱ्याच गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या मांडते.

पहिली तक्रार पगारी ड्रायव्हरबद्दलची. आमच्या पॉलिसीच्या हप्त्याच्या तक्त्यात पगारी ड्रायव्हरप्रति कायदेशीर जबाबदारीची एक ओळ आहे, ५० रुपयांची. पन्नास रुपये. म्हणजे आम्ही पगार देऊन कुणाला ठेवलं असतं तर त्याच्यासाठी निदान एक ओळ तरी होती. जो मुलगा झोपेतून उठून, पैशाची अपेक्षा न ठेवता, आपल्या आजोबांना घेऊन निघाला त्याच्यासाठी तक्त्यात ओळच नाही. पगारी ड्रायव्हरचं संरक्षण कमी करा असं मी म्हणत नाही, त्यांचंही ते अपुरंच आहे. मी विचारते आहे की हा तक्ता करताना खेड्यातलं घर कुणाच्या डोळ्यासमोर होतं का? आमच्याकडे ड्रायव्हर ठेवणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुरुष मुंबई-पुण्याला, गाडी गावात, आणि चालवतो तो पुतण्या, भाचा, जावई, नाहीतर शेजारचा पोरगा. मुंबईच्या चाकरमान्याने गाडी घ्यायची आणि ती गावच्या घरी ठेवायची, हे तर कोकणात गणपती-शिमग्याइतकंच ठरलेलं आहे.

दुसरी, प्रवाशांबद्दलची. आमच्या पॉलिसीत बिननावाच्या प्रवाशांसाठी दोन लाखांपर्यंतचं ऐच्छिक संरक्षण घेता येत होतं. ते आम्ही घेतलं नव्हतं, कारण ते आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. नंतर चौकशी केली तर आम्हाला सांगण्यात आलं की घेतलं असतं तरी उपयोग नव्हता, चालक हा प्रवासी नव्हे. म्हणजे चालवणारा मालक नाही, पगारी ड्रायव्हर नाही, प्रवासी नाही आणि तिसरी व्यक्तीही नाही. मग पॉलिसीच्या दृष्टीने स्टिअरिंगवर कोण बसलं होतं?

इथे तुमच्याच एका चांगल्या कामाची आठवण करून द्यायची आहे. खासगी मोटारीत बसलेल्या प्रवाशांना आणि दुचाकीवर मागे बसलेल्याला विमा लागू आहे की नाही यावर कंपन्या वर्षानुवर्षं वाद घालत होत्या. १६ नोव्हेंबर २००९ रोजी तुम्ही परिपत्रक काढून स्पष्ट केलं की सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत ते येतात. सर्वोच्च न्यायालयानेही नंतर २०१२ मध्ये त्या परिपत्रकाचा आधार घेतला. त्या रात्री जाताना मागच्या सीटवर झोपवलेले अण्णा आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली मी, आम्ही दोघं त्या परिपत्रकामुळे सुरक्षित होतो. अपघात जाताना झाला असता तर आम्हाला भरपाई मागता आली असती. पुढच्या सीटवर स्टिअरिंग धरून बसलेल्याला नाही. जे तुम्ही मागच्या सीटसाठी एका परिपत्रकाने केलंत ते पुढच्या सीटसाठी का करू नये?

आणि जाता जाता हेही सांगते. हा आधार पॅकेज पॉलिसीचा आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीत बसलेल्यांनाही काही नाही. आमच्या वाडीतल्या निम्म्याअधिक गाड्या जुन्या आहेत आणि त्यांना नुसता थर्ड पार्टी विमा आहे, कारण तेवढाच परवडतो आणि तेवढाच कायद्याने लागतो. रात्री-अपरात्री पेशंट याच गाड्यांतून जातात.

तिसरी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, वय ७४. गाडी त्यांच्या नावावर, निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी लायसन्सचं नूतनीकरण केलेलं नाही, आणि ते शहाणपणाचंच केलं. गाडी त्यांची सून चालवते. मालकाकडे लायसन्स नाही म्हणून सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण त्या पॉलिसीत देताच येत नाही. सुनेला ते मिळू शकत नाही कारण ती मालक नाही. म्हणजे ज्या घराने जबाबदारीने वागून म्हाताऱ्या माणसाच्या हातातून स्टिअरिंग काढून घेतलं, त्या गाडीत चालवणाऱ्याला कुठलंच संरक्षण नाही. जिथे गाडी बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलेली आहे आणि तिला गाडी येत नाही, तिथेही हेच. मालक वारला तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवर चालू राहते, हे पॉलिसीतच लिहिलेलं आहे आणि ते माणुसकीचं आहे. पण त्या तीन महिन्यांत आईला दवाखान्यात नेणाऱ्या मुलाचं काय, याबद्दल त्यात काही नाही.

चौथी गोष्ट लिहिताना मला अजूनही त्रास होतो. अपघातानंतर आठव्या दिवशी कंपनीने पाठवलेला तपासनीस रुग्णालयात आला. पुतण्याला तापाची ग्लानी होती, पाय जाऊन पाच दिवस झाले होते. त्या गृहस्थाने विचारलं, "पेशंटकडून किती भाडं ठरलं होतं?" माझे दीर म्हणाले, "साहेब, पेशंट त्याचा आजोबा आहे." तरी वेगवेगळ्या शब्दांत तेच तीनदा विचारलं. डिझेलला पैसे कोणी दिले? परत येताना कोणाला घेणार होतास का? खासगी गाडी भाड्याने चालवली तर विमा लागू होत नाही, म्हणून विचारावं लागतं, हे मला नंतर समजलं. विचारायला माझी हरकत नाही. पण मग इंग्रजीत टाइप केलेल्या दोन पानांवर त्याची सही घेतली. त्याची प्रत आम्हाला दिली नाही, वाचूनही दाखवली नाही.

आमच्याकडे शेजाऱ्याच्या गाडीतून पेशंट नेला तर डिझेलचे पैसे देण्याची रीत आहे. ते भाडं नसतं. दुसऱ्याच्या गाडीत फुकट बसायचं नाही, एवढा साधा स्वाभिमान असतो. त्या चारपाचशे रुपयांवरून कुणाचा क्लेम अडणार असेल तर लोक उद्या पैसे द्यायचे थांबणार नाहीत, गाडी द्यायचे थांबतील. तपासनिसाची गोष्ट वाडीत पसरल्यावर एका घराने मला स्पष्ट सांगितलं, "बाई, आता गाडी मागू नका, आमच्या पोराला पाठवणार नाही." मी त्यांना दोष देत नाही. मदतीला धावणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४अ हे कलम घातलं. रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला उचलणाऱ्याला त्याने संरक्षण दिलं. घरातल्या पेशंटला उचलणाराही धावूनच आलेला असतो.

लायसन्सबद्दल थोडक्यात. अडचण होती म्हणून लायसन्स नसलेल्याने गाडी चालवावी, असं मी मुळीच म्हणणार नाही. वर्गात मी मुलांना उलटंच सांगते. पण पूर्वी लायसन्सची मुदत संपल्यावर तीस दिवस ते चालू मानलं जायचं, ती सवलत २०१९ च्या दुरुस्तीत गेली, हे गावात फारच थोड्यांना ठाऊक आहे. रिन्यूअलच्या वेळी कंपनीने गाडीचा फोटो मागवावा, पण घरात कोणकोण चालवतं आणि त्यांच्या लायसन्सची तारीख काय, हे एकदाही विचारू नये, हे बरोबर नाही. हे मंत्रालयानेही लक्षात घ्यावं म्हणून प्रत त्यांनाही पाठवते आहे.

तुम्ही नव्या कल्पनांना विरोध करता असं मी म्हणू शकत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये तुम्ही जेवढी गाडी चालेल तेवढा हप्ता, जशी चालवाल तसा हप्ता, आणि एकाच मालकाच्या अनेक गाड्यांना मिळून एक पॉलिसी, अशा तीन सोयींना परवानगी दिलीत. गाडी किती किलोमीटर धावली याचा हिशेब करणारं यंत्र पॉलिसीत आलं. गाडी कोण चालवतं याचा विचार मात्र अजून वाहन विम्याच्या २००२ च्या दरपत्रकातल्या शब्दांवरच अडला आहे. एका माणसाच्या अनेक गाड्यांचा विचार होऊ शकतो, तर एका गाडीच्या अनेक माणसांचा का होऊ नये? आपल्या घरांत दुसराच प्रकार जास्त आहे.

अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना आणली. आमचा अपघात त्याआधीचा, पण पुढच्यांना तिचा उपयोग होईल आणि त्याबद्दल मनापासून आभार. मात्र आठव्या दिवसानंतरही पाय नसतोच. लोटे औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून पुतण्याची मुलाखत मार्चमध्ये ठरलेली होती. ती झाली नाही. कृत्रिम पाय बसवला आहे, तो दर काही वर्षांनी बदलावा लागेल. सध्या तो गावातल्या एका दुकानात हिशेब लिहायला बसतो. त्याने मला एकदाही दोष दिलेला नाही. तो म्हणतो, काकू, तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी गाडी काढलीच असती. ते खरं आहे हे मला माहीत आहे. पण "चालते" हा शब्द मी उच्चारला होता, आणि त्या शब्दाचा अर्थ काय हे तोपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन्ससह गाडी चालवणाऱ्या व्यक्तीला सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण मालकाइतकंच लागू आहे, असं परिपत्रक काढा. त्यासाठी हप्ता वाढवावा लागत असेल तर किती ते सांगा. आम्ही ७५० चे हजार भरू, दीड हजारही भरू. फुकट काही मागत नाही. मोटारीइतकंच हे दुचाकीलाही लागू करा. भावाची बाईक घेऊन जाणारी मुलं मोटारीपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

२. मालकाकडे लायसन्स नसेल तिथे घरातल्या लायसन्सधारक चालकाचं नाव घालून हे संरक्षण देण्याची सोय करा. मालक वारल्यानंतरच्या तीन महिन्यांतही ते चालू ठेवा.

३. प्रत्येक वाहन पॉलिसीच्या पहिल्या पानावर, ग्राहकाला समजेल त्या भाषेत, आमच्याकडे मराठीत, चार प्रश्नांची उत्तरं मोठ्या अक्षरांत छापा : ही गाडी कोण चालवू शकतं? अपघातात समोरच्याला काय मिळेल? गाडीत बसलेल्याला काय मिळेल? चालवणारा मालक नसेल तर त्याला काय मिळेल? चौथ्याचं उत्तर "काही नाही" असेल तर "काही नाही" असंच छापा.

४. एजंटांच्या प्रशिक्षणात आणि परीक्षेत हे चार प्रश्न घाला. रिन्यूअलच्या वेळी घरात आणखी कोण गाडी चालवतं हे विचारणं बंधनकारक करा.

५. पेशंटला दवाखान्यात नेताना नातेवाइकाने किंवा शेजाऱ्याने दिलेले इंधनाचे पैसे म्हणजे भाडं नव्हे, हे लेखी स्पष्ट करा.

६. रुग्णालयात दाखल असलेल्या जखमीचा जबाब डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय घेऊ नये. तो त्याला येणाऱ्या भाषेत असावा, वाचून दाखवावा, आणि त्याची प्रत त्याच दिवशी घरच्यांना द्यावी.

यातली पहिली मागणी मान्य झाली तरी ती आमच्या पुतण्याला लागू होणार नाही, कारण परिपत्रक मागच्या अपघाताला लागत नाही. हे मला वकिलांनी आधीच सांगितलं आहे आणि ते समजूनच मी हे पत्र लिहिते आहे.

आमच्या गाडीचं रिन्यूअल पुढच्या महिन्याच्या बावीस तारखेला आहे. अण्णांना दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यावं लागतं आणि गाडी आता धाकटा पुतण्या चालवतो, वय एकोणीस, लायसन्स नवं. चावी देण्याआधी त्याला काय सांगायचं, ते मला तुमच्याकडून लेखी हवं आहे. बावीस तारखेच्या आत उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
संगमेश्वर तालुक्यातली एक शिक्षिका